मोंगोंगोचा ढीग आणि एका सरासरीची गोष्ट

आमच्या लॅबच्या वाचनगटात मागच्या वेळी माझी पाळी होती. मार्शल सालिन्सचा शिकारी-संकलक समाजांवरचा गाजलेला निबंध मी घेतला. 1966 मध्ये शिकागोला झालेल्या 'मॅन द हंटर' परिषदेत त्याने मांडलं की या लोकांच्या गरजा थोड्या, म्हणून हाच मूळचा सुखवस्तू समाज. 1972 मध्ये ते 'स्टोन एज इकॉनॉमिक्स'मध्ये विस्ताराने आलं. सगळे खूश. तेवढ्यात एका ज्युनियरने विचारलं, "ताई, इतकं खायला होतं तर लोकसंख्या वाढत का नव्हती?" मी पॉप्युलेशन इकॉलॉजीची विद्यार्थिनी, आणि मला उत्तर देता येईना. म्हणून ही पोस्ट.

सालिन्सचा मोठा आधार म्हणजे रिचर्ड लीची कलाहारीतली मोजणी. 1964 च्या जुलैत लीने डोबे इथे जु-होआन्सी लोकांसोबत (जुन्या पुस्तकांतले 'कुंग') 28 दिवस राहून कोणी किती काम केलं, काय खाल्लं ते लिहून ठेवलं. माणशी दिवसाला सुमारे 2,140 कॅलरी मिळत होत्या, गरज होती 1,975 ची. अन्न मिळवायला आठवड्याला जेमतेम अडीच दिवस. मोंगोंगोच्या बिया तर झाडाखाली पडून कुजायच्या. काम जबरदस्त आहे, याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो 28 दिवसांतून 'समाज' काढण्याबद्दल. आपल्याकडे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, वर्षाचा सरासरी पाऊस चांगला असूनही जुलैत तीन आठवडे ओढ दिली की पीक जातं. लोकसंख्येचंही तसंच आहे. तिला वर्षाची सरासरी नाही, सगळ्यात वाईट महिने अडवतात. कलाहारीत ते कोरड्या ऋतूच्या शेवटी येतात. पाणी मोजक्याच झऱ्यांवर उरतं, आणि बिया कितीही असल्या तरी पाण्यापासून चालत जाऊन परत येता येईल तेवढ्याच कामाच्या. ऋतूनुसार वजन घटतं हे एडविन विल्मसेनने नंतर मोजून दाखवलं. आणि कामाचे तास? बिया फोडणं, स्वयंपाक, हत्यारं दुरुस्त करणं धरलं तर लीच्याच नंतरच्या हिशोबात आठवडा चाळीस तासांच्या पुढे जातो. (माझ्या स्टायपेंडचे तास असे मोजले तर... जाऊ दे.)

पण ज्युनियरचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही. नॅन्सी हॉवेलने याच लोकांची जनसांख्यिकी काढली (1979): बाईमागे सरासरी 4.7 मुलं, दोन मुलांत साधारण चार वर्षांचं अंतर, जन्मावेळचं अपेक्षित आयुर्मान तिशीच्या आसपास. हा शेवटचा आकडा मी सालिन्सच्या शेजारी ठेवून पाहिला आणि 'सुखवस्तू' हा शब्द मला सहज वाचता येईना.

अंतर एवढं का? रोझ फ्रिशचं म्हणणं, अंगावर पुरेशी चरबी नसेल तर पाळीच नियमित येत नाही. कॉनर आणि वर्थमन यांनी 1980 मध्ये दाखवलं की बाळं तासाला कितीतरी वेळा, दोन-दोन मिनिटं पितात, आणि तेच बीजोत्पत्ती दाबतं. मला दुसरं जास्त पटतं, कारण त्यात अन्न 'किती' यापेक्षा 'कसलं' हा प्रश्न येतो. लहान मुलाला भरवायला पेज नाही, गाईचं दूध नाही, तर आई तीन-चार वर्षं पाजणारच. लोक एका जागी राहायला लागले, धान्य आणि दूध आलं, तसं हे अंतर कमी होत गेलं असं लीचंही म्हणणं होतं. यात एक गोम आहे, ती स्वतः हॉवेलनेच नोंदवली: लैंगिक रोगांमुळे बऱ्याच बायकांना पहिल्या-दुसऱ्या मुलानंतर मूल होत नव्हतं. म्हणजे 4.7 हा आकडा सगळाच वाळवंटातल्या आहाराच्या नावावर टाकता येत नाही.

ज्युनियरला मी एवढंच कळवलंय की अन्न होतं, पण ते बारा महिने नव्हतं आणि बाळांच्या उपयोगाचं तर नव्हतंच. तिचा परत मेसेज आलाय: "मग हाडझा लोकांचं काय?" पुढच्या गुरुवारी पाळी तिची आहे.