उंदराची कहाणी आणि शेपूट

लुईस कॅरलच्या ‘ॲलिसेस ॲडव्हेंचर्स इन वंडरलँड’ या १८६५ सालच्या पुस्तकात, तिसऱ्या प्रकरणात, एक उंदीर उसासा टाकून सांगतो की माझी कहाणी लांबलचक आहे आणि दुःखाची आहे. ॲलिसची नजर त्याच्या शेपटाकडे जाते. लांब आहे खरं, पण यात दुःख कसलं, असं ती विचारते. इंग्रजीत कहाणीही ‘टेल’ आणि शेपूटही ‘टेल’. कानाला फरक कळत नाही, तो फक्त अक्षरांत आहे. कहाणी टी-ए-एल-ई, शेपूट टी-ए-आय-एल.

उंदीर कहाणी सांगू लागतो तरी ॲलिसच्या डोक्यात शेपूटच घोळत असतं. म्हणून कॅरलने ती पद्यातली कहाणी तिला जशी दिसली तशीच छापून घेतली. ओळी डावीउजवीकडे वळणं घेत खाली उतरतात, टाइप बारीक होत जातो आणि शेवट अगदी टोकासारखा निमुळता होतो. पान समोर धरलेल्या मुलाला कहाणी आणि शेपूट एकाच जागी दिसतात. अर्थ कुठेच सांगितलेला नाही, तरी हे दोन शब्द यानंतर सहसा एकमेकांत मिसळायचे नाहीत. ही गोष्ट जन्मली तोंडी, ४ जुलै १८६२ रोजी ऑक्सफर्डजवळ नावेत, लिडेल घरातल्या तीन बहिणींसाठी. हा श्लेष मात्र पुरता उमलतो तो कागदावर. ॲलिस लिडेलला १८६४ मध्ये भेट दिलेल्या हस्तलिखितातही कॅरलने स्वतःच्या हाताने पद्य शेपटासारखंच उतरवलं होतं.

पुढची चकमक मला त्याहूनही सरस वाटते. तुझं लक्ष नाही, म्हणून उंदीर दटावतो. तुम्ही पाचव्या वळणावर आला होतात ना, असं ॲलिस नम्रपणे म्हणते. उंदीर चिडून नकार देतो. नकारातला ‘नॉट’ तिला गाठ या अर्थाचा ‘नॉट’ वाटतो, ज्याच्या आरंभी मुका ‘के’ असतो. ती काळजीने इकडेतिकडे बघत गाठ सोडवायला पुढे सरसावते आणि उंदीर अपमान झाला म्हणून उठून चालू लागतो. ॲलिसची ही चूक उगाच झालेली नाही. मनात वळणावळणाचं शेपूट असेल तर गाठच ऐकू येणार! पहिल्या गैरसमजातून दुसरा किती सहज निघतो, हे कॅरलने नेमकं हेरलं आहे. मुलाच्या वहीतली अशी चूक लाल शाईने खोडण्याआधी त्याच्या मनात कोणतं चित्र होतं, ते विचारायला हवं.

महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. आपलं मूल उच्चाराबरहुकूम लिहायला शिकलेलं असतं. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला ऱ्हस्वदीर्घाचा फरक सोडला तर अशा जोड्यांशी त्याची फारशी ओळख नसते. देवनागरीत तर दोन्ही ‘टेल’ हुबेहूब एक. फळ्यावर शेजारी शेजारी मांडलेल्या जोड्या ते पाठ करतं आणि वाक्यात नेमकी अदलाबदल करतं. त्यापेक्षा हा उतारा आधी पुस्तकं मिटून ऐकवावा, ॲलिससारखं खुशाल फसू द्यावं, आणि मग पान उघडावं.

‘थ्रू द लुकिंग-ग्लास’ (१८७१) मध्ये हाच खेळ आणखी पुढे जातो. पाव कसा करतात, हे सांगताना ॲलिस पिठापासून सुरुवात करते. पीठ आणि फूल, दोन्हींचा उच्चार ‘फ्लॉवर’सारखाच. पांढरी राणी विचारते, ते खुडायचं कुठून, बागेतून की कुंपणावरून? खुडायचं नसतं, ते ‘ग्राउंड’ म्हणजे दळलेलं असतं, असं ॲलिस सांगते. राणी विचारते, किती एकर जमीन? कारण जमीनही ‘ग्राउंड’. इथे स्पेलिंगसुद्धा एकच, म्हणजे डोळेही कामाचे नाहीत. आधार फक्त आजूबाजूच्या शब्दांचा. पीठ आणि फूल हे इंग्रजी शब्द तर मुळात एकच होते. धान्य दळून चाळल्यावर जो उत्तम भाग उरतो, त्याला धान्याचं फूल म्हणत. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशातही त्यांची स्पेलिंगं वेगळी केलेली नव्हती. तेव्हा राणी पीठ बागेत शोधते, ते शब्दाच्या इतिहासाला धरूनच.