कपाळावरचं गोंदण : लायनस पॉलिंग यांच्या एका सूचनेची चिकित्सा

आज आपण १९६८ सालचा एक छोटा लेख तपासणार आहोत. लेखक साधासुधा माणूस नाही. लायनस पॉलिंग. रसायनशास्त्राचं नोबेल १९५४ चं, शांततेचं १९६२ चं. सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूतल्या बदलाचा आजार आहे, हे १९४९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच दाखवलं.

एका कायदेविषयक नियतकालिकाच्या प्रास्ताविकात पॉलिंग सुचवतात, की सिकलसेलचं जनुक बाळगणाऱ्या प्रत्येक तरुणाच्या कपाळावर खूण गोंदावी. म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमातच पडणार नाहीत!

हसू नका. त्यांचं गणित बरोबर आहे. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल सिकलसेलग्रस्त असण्याची शक्यता २५ टक्के. त्या मुलाच्या वेदना टळाव्यात, हा हेतूही प्रामाणिक आहे. अणुचाचण्यांविरुद्ध लढतानाही ते हेच म्हणत होते, की किरणोत्साराचं ओझं पुढच्या पिढ्यांवर लादू नका.

पण फरक बघा. तिथे त्यांनी जाब विचारला सरकारांना. इथे ओझं टाकलं ते वाहकाच्या कपाळावर. माझा मुख्य आक्षेप हा आहे. वाहक आजारी नसतो, त्याला बहुधा काही त्रासही नसतो. ‘माहिती त्याला द्या’ आणि ‘माहिती सगळ्यांना दाखवा’ यांतली रेघ हा लेख पुसून टाकतो. शिवाय अमेरिकेत हे जनुक प्रामुख्याने कृष्णवर्णीयांत आढळतं. म्हणजे आधीच ज्यांच्यावर शिक्का बसलाय, त्यांच्यावरच दुसरा.

गोंदण कुणी केलं नाही. पण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या काही राज्यांनी चाचणी सक्तीची केली. वाहक आणि रुग्ण यांची गल्लत झाली, नोकरी आणि विम्यात अडचणी आल्या. तिथल्या हवाई दलाच्या अकादमीचं दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होतं.

आता आपल्याकडे या. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत ‘एएस’ आणि ‘एसएस’ ही अक्षरं लोकांना ठाऊक आहेत. २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, तपासणीनंतर कार्ड मिळतं. तपासणी हवीच, उपचार तर हवेतच. पण पत्रिकेत दोष निघाला की आधी कुणाचं स्थळ मोडतं, हे मी सांगायला नको. ते कार्ड मुलीच्या हातात राहतं की सोयरिकीच्या बैठकीत फिरतं, यावर सगळं अवलंबून आहे.

म्हणून पॉलिंग यांचा लेख वाचावा, आदराने वाचावा, आणि एक कसोटी घेऊन उठावं: ही माहिती कुणाची, आणि ती कुणाला दाखवायची हे कोण ठरवणार? ज्या योजनेत याचं उत्तर ‘ज्याचं रक्त तोच’ असं येत नाही, तिथे शाई दिसत नसली, तरी ते गोंदणच आहे.