बीजभाषणाचे बी

विज्ञान परिषदेची निमंत्रणपत्रिका उघडली की पहिल्या पानावर बीजभाषकांचे नाव ठळक अक्षरांत असते. त्याखाली पदव्या, त्याखाली पदे, आणि भाषणाचा विषय सर्वांत खाली, बारीक टायपात. ही मांडणी छापखान्याने केलेली नसते, ती संयोजकांच्या मनातलीच असते.

काही वर्षांपूर्वी अशा एका परिषदेला मी शाळेतर्फे गेलो होतो. विषय कापडाचा होता. पहिले बीजभाषण रसायनशास्त्राचे, दुसरे वस्त्रशास्त्राचे आणि तिसरे अर्गोनॉमिक्सचे, म्हणजे काम आणि काम करणारे शरीर यांचा मेळ कसा बसवावा हे पाहणाऱ्या शास्त्राचे. योजना सुरेख होती. धागा रसायनशास्त्राने द्यावा, त्याचे कापड वस्त्रशास्त्राने करावे आणि मागावर पाळी भरणाऱ्याच्या पाठीचे काय, हे तिसऱ्याने विचारावे. प्रत्यक्षात तिन्ही भाषणांत प्रयोगशाळेचा इतिहास, मिळालेले प्रकल्प आणि परदेशातील मानसन्मान एवढेच ऐकायला मिळाले. तिसरे वक्ते पडद्यावर बसण्याची योग्य पद्धत दाखवत होते, तेव्हा मागे सतरंजीवर आमची मुले तिसऱ्या तासाला पाय बदलत बसली होती. वक्त्यांची नजर तिकडे गेली नाही.

पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते, गाण्याच्या मैफलीचेही होते. बीजभाषणाचे मात्र फक्त आभारप्रदर्शन होते. म्हणून येथे तीन-चार गाजलेल्या, आणि एका न गाजलेल्या, भाषणांचे परीक्षण करायचे आहे. इंग्रजीत या प्रकाराला ‘कीनोट’ म्हणतात. तो शब्द संगीतातला. गाणाऱ्यांनी आवाज जुळवून घ्यावा म्हणून आधी लावलेला स्वर, आपल्या तंबोऱ्याच्या षड्जासारखा. मराठीने शब्द घेतला तो शेतातला. तेव्हा कसोटीही शेतातलीच लावू: पेरले काय, आणि उगवले काय?

सुरुवात सर्वांत झगमगत्या भाषणापासून करू. २७ ऑक्टोबर १९३८. न्यूयॉर्कला जागतिक प्रदर्शनाची तयारी चालू होती. त्या जागेवर भरलेल्या एका वृत्तपत्राच्या परिसंवादात ड्यू पाँ कंपनीचे उपाध्यक्ष चार्ल्स स्टाइन यांनी नायलॉन हा नवा धागा जाहीर केला. श्रोत्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. स्टाइन केवळ व्यवस्थापक नव्हते. ते रसायनशास्त्राचे डॉक्टरेट होते आणि १९२७ साली कंपनीत मूलभूत संशोधनाचा विभाग त्यांनीच सुरू करवला होता. त्यांच्या सांगण्याचा आशय असा: कोळसा, हवा आणि पाणी यांपासून हा धागा होतो, तो पोलादासारखा मजबूत आणि कोळ्याच्या जाळ्यासारखा तलम असतो. पुढे १५ मे १९४० रोजी नायलॉनचे मोजे अमेरिकाभर विक्रीला आले तेव्हा दुकानांपुढे झुंबड उडाली.

भाषण म्हणून हे यशस्वी खरेच. विज्ञान म्हणून त्याकडे पाहू. कोळसा, हवा, पाणी हे खोटे नव्हते. त्या काळी कार्बन कोळशाच्या डांबरातून येई, नायट्रोजन हवेतून. पण याच हिशेबाने साखरसुद्धा कोळसा आणि पाण्याचीच झाली! अणू कोठून आले यावरून पदार्थ कळत नाही, ते कसे जोडले गेले यावरून कळतो. ‘पोलादासारखा मजबूत’ याचीही तीच गत. समान जाडीच्या तारा घ्यायच्या की समान वजनाच्या? पोलादाची घनता पाण्याच्या पावणेआठ पट, नायलॉनची जेमतेम सव्वा पटीच्या आत. म्हणजे समान लांबी आणि समान वजन धरले, तर नायलॉनचा धागा पोलादी तारेच्या जवळजवळ सातपट छेदाचा होतो. ही अट सांगितली असती तर वाक्य तितके टाळ्यांचे राहिले नसते, पण श्रोत्याच्या हाती काहीतरी लागले असते. नववी-दहावीच्या वर्गात घनतेचा पाठ चालू असताना हे उदाहरण जरूर द्यावे. जाहिरातीतले एक विधान मुलांना स्वतः तपासता येते.

आता त्याच नायलॉनचे दुसरे भाषण, ज्याचे नाव कोणी घेत नाही. सप्टेंबर १९३५ मध्ये केंब्रिजला फॅरेडे सोसायटीची बहुवारिकांवर, म्हणजे पॉलिमरवर, चर्चा भरली होती. तेथे वॉलेस कॅरोदर्स यांनी निबंध वाचला. नायलॉन प्रत्यक्ष तयार करणारा गट त्यांचाच होता. त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला तो प्रथम बनला. (आपल्याकडे हा दिवस रामन परिणामामुळे १९८७ पासून विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. शाळेत त्या दिवशी भाषणे ठेवावी लागतातच, तेव्हा हा योगायोग कामी येईल.) कॅरोदर्स कमालीचे बुजरे. चार लोकांपुढे बोलायचे म्हटले की आधीचे काही आठवडे त्यांची झोप उडे, असे त्यांच्या पत्रांवरून दिसते. पण या माणसाने सभेपुढे ठेवले ते एक साधे गणित होते.

ते वर्गात असे करून पाहावे. शंभर मुले मैदानात उभी करा. प्रत्येकाला दोन हात, म्हणजे एकूण दोनशे हात. एकमेकांचे हात धरून साखळ्या करायला सांगा, मात्र गोल रिंगण करायचे नाही. दोनशेपैकी १९० हात धरले गेले, म्हणजे ९५ टक्के काम झाले, तर दहा हात मोकळे राहतात. प्रत्येक साखळीला दोन टोके, म्हणून साखळ्या पाच, आणि एकेकीत सरासरी वीस मुले. आता १९८ हात धरा, म्हणजे ९९ टक्के. मोकळे हात दोनच, साखळी एकच, शंभर मुलांची! शेवटच्या चार टक्क्यांनी साखळी पाचपट लांबली.

नायलॉनमध्ये असेच होते. दोन्ही टोकांना आम्लगट असलेला एक रेणू, दोन्ही टोकांना अमाइन गट असलेला दुसरा. दोघांतही कार्बनचे सहा-सहा अणू, म्हणून नाव ‘नायलॉन ६६’. ते हात धरत जातात आणि दर जोडणीला पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. प्रयोगशाळेत ९५ टक्के अभिक्रिया पूर्ण झाली तर रसायनशास्त्राचा विद्यार्थी खूश होतो. धागा काढणाऱ्याला मात्र ती कवडीमोल, कारण वीस दुव्यांच्या साखळीचा धागा ओढला की तुटतो. जोडण्या पुऱ्या होण्यासाठी बाहेर पडणारे पाणी चिकाटीने काढत राहावे लागते, आणि दोन्ही घटक शुद्ध व अगदी बरोबरीने घ्यावे लागतात. स्टाइन यांच्या भाषणाने मोजे खपले असतील, पण ज्याला नवा धागा बनवायचा आहे त्याला कॅरोदर्स यांच्या गणितावाचून गत्यंतर नाही. आजही बहुवारिकांच्या पुस्तकात ते समीकरण त्यांच्याच नावाने शिकवतात. स्वतः कॅरोदर्स नायलॉनची घोषणा ऐकायला हयात नव्हते. एप्रिल १९३७ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, त्यांनी जीवन संपवले होते.

अर्गोनॉमिक्सकडे वळले तर न रुजलेल्या बियाण्याचे उदाहरण समोर येते. १८५७ साली वोयचेख यास्त्रझेंबोव्स्की या पोलिश निसर्गशास्त्रज्ञाने एका साप्ताहिकात लेखमाला लिहून ‘अर्गोनॉमिक्स’ हा शब्द ग्रीक धातूंवरून घडवला. काम करणाऱ्या माणसाचे शास्त्र हवे, हे त्याचे म्हणणे होते. विचार मोठा होता, पण तपासून पाहता येईल असे एकही यंत्र, एकही मोजमाप त्याला चिकटलेले नव्हते, आणि पोलिश भाषा वाचणारे थोडे. शब्द विस्मरणात गेला. १९४९ साली ब्रिटनमध्ये हायवेल मरेल यांनी, या पूर्वजाची कल्पना नसताना, तोच शब्द पुन्हा घडवला. या वेळी तो रुजला, कारण मधल्या महायुद्धाने उदाहरणांचा ढीग घातला होता. त्यातले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चॅपानिस यांचे उदाहरण मला फार आवडते. बी-१७ जातीची बॉम्बफेकी विमाने उतरल्यावर वैमानिक पंखांची झडप मिटवण्याऐवजी चुकून चाकेच मिटवत आणि विमान पोटावर आपटे. सगळे वैमानिकांना दोष देत होते. चॅपानिस यांनी पाहिले की दोन्ही खटके शेजारी-शेजारी आणि अगदी सारखे आहेत. त्यांनी एका खटक्याला चाकाच्या आकाराची मूठ बसवली, दुसऱ्याला पाचरीच्या आकाराची. अंधारात, न बघता, बोटांना कळू लागले.

हे ऐकणारा माणूस घरी जाऊन आपल्या गॅसच्या शेगडीच्या खुंट्या बघतो. अर्गोनॉमिक्सच्या वक्त्याला खरे तर सर्वांत मोठी सोय असते: त्याचे प्रयोगसाहित्य, म्हणजे श्रोत्यांची शरीरे, सभागृहात आधीच येऊन बसलेले असते. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असे २०२० च्या राष्ट्रीय धोरणात म्हटले आहे. एक वजनकाटा व्यासपीठावर ठेवला तरी निम्मे भाषण होऊन जाईल.

चुकीचे भाकीत करूनही फळलेले भाषण पाहायचे तर विल्यम क्रुक्स यांचे. १८९८ साली ब्रिस्टल येथे ब्रिटिश असोसिएशनचे अध्यक्ष या नात्याने ते बोलले. थॅलियम या मूलद्रव्याचा शोध लावणारा हा रसायनशास्त्रज्ञ गव्हावर बोलला! गव्हाखालची नवी जमीन संपत आली आहे, चिलीचा सोरा पुरून-पुरून किती पुरणार, तीसेक वर्षांत गहू कमी पडेल. तेव्हा हवेतला नायट्रोजन बांधून खत करणे हे आता रसायनशास्त्रज्ञाचे काम आहे, असे त्यांनी आकडे मांडून बजावले. स्वतःच्या शोधांची यादी नाही, सोडवायचे गणित पुढे ठेवले. मात्र भाषणाला एक गालबोट आहे. गहू खाणाऱ्यांना त्यांनी प्रगत ठरवले आणि भात, मका, भरड धान्य खाणाऱ्यांना मागासलेले. १८९६-९७ चा दुष्काळ मुंबई इलाख्यावरून नुकताच गेला होता, त्यात उपाशी मेले ते ज्वारी-बाजरी खाणारे. सबंध भाषण मुलांना वाचायला दिले तर हा भागही वगळू नये.

भाकीत खरे झाले नाही, कारण आव्हान स्वीकारले गेले. १९०९ साली फ्रिट्झ हाबर यांनी नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया करून दाखवला आणि १९१३ मध्ये ओपाऊला कारखाना सुरू झाला. हाबर यांची प्रयोगशाळा होती कार्ल्सरुहे या जर्मन शहरात. रसायनशास्त्राची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती तीही याच गावी, ३ ते ५ सप्टेंबर १८६०.

त्या परिषदेला सव्वाशेहून अधिक रसायनशास्त्रज्ञ जमले होते. भांडण अणुभारांचे. कार्बनचा अणुभार सहा की बारा, पाण्याचे सूत्र कसे लिहायचे, यावर एकमत नव्हते. बड्या मंडळींची भाषणे झाली, प्रश्न जेथल्या तेथे राहिला. इटलीचा स्तानिस्लाव कानिझारो तळमळीने बोलला, पण सभा पांगली. निघताना दारात त्याचा मित्र आंजेलो पावेझी याने सर्वांच्या हातात एक पातळ पुस्तिका ठेवली. ते काही संशोधनपत्र नव्हते. जिनोव्हाच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांना अणुभार कसे शिकवतो, कोणता मुद्दा आधी, कोणता नंतर, याचे कानिझारोने १८५८ साली केलेले टिपण होते. लोथार मायर या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ती खिशात टाकली, परतीच्या वाटेवर वाचली, घरी जाऊन पुन्हा वाचली. १८६४ साली त्याने पुस्तक लिहिले ते तेच अणुभार धरून, आणि त्यात मूलद्रव्ये ओळीने मांडली. त्या सभागृहात रशियाहून आलेला सव्वीस वर्षांचा एक श्रोताही होता. दिमित्री मेंडेलीव्ह. त्याची आवर्तसारणी १८६९ ची.