उंबरठ्याशी थांबलेले साहित्य

मराठी साहित्याला घराची वाटणी नवी नाही. भावाभावांच्या वाटणीने कित्येक कादंबऱ्यांची प्रकरणे भरलेली आहेत. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) या नाटकात विदर्भातील एका देशपांडे घराण्याच्या वाड्याचा कर्ता पुरुष निवर्ततो आणि तेराव्याच्या खर्चापासून घरातल्या सोन्यापर्यंत एकेका गोष्टीचा हिशेब रंगमंचावर मांडला जातो. बंद पडून गंजत असलेल्या ट्रॅक्टरलाही त्या नाटकात स्थान आहे. गावी कोण राहणार, मुंबईला कोण परतणार, कोणाच्या हाती काय लागणार, यातले काहीही नाटककाराने टाळलेले नाही. या हिशेबातूनच त्याची माणसे आपल्याला उमगत जातात.

पती-पत्नीचा संसार मोडतो, तेव्हा मात्र हा काटेकोरपणा कोठे जातो? मनांची घुसमट, अपमान, एकाकीपण हे सारे आपले लेखक समरसून लिहितात. स्त्री उंबरठा ओलांडते, तो क्षणही ते उत्कटतेने रंगवतात. परंतु तिच्या पाठीमागे उरलेल्या घराचे काय झाले, ते कोणाचे होते, कोणाच्या श्रमाने उभे राहिले, मुले त्या रात्री कोठे निजली, हे प्रश्न उंबरठ्याशीच अडतात. रिकाम्या हाताने निघून जाण्यात स्वाभिमान आहे, अशी एक समजूत या लेखनातून वाचकांच्या मनात रुजते. ही समजूत साहित्य म्हणून अपुरी आणि नीती म्हणून सदोष आहे, असे आम्हास वाटते. तीन कलाकृतींच्या आधारे तिचा विचार करू.

पहिली कलाकृती परदेशातून आपल्याकडे आली. इब्सेनचे नोराचे नाटक (१८७९) अनंत काणेकर यांनी ‘घरकुल’ या नावाने मराठीत आणले. मूळ शीर्षकातली बाहुली मराठी नावातून गळाली आणि घर तेवढे राहिले, हे बोलके आहे. मूळ नाटकाच्या अखेरीस नोरा अंगठी परत करते, किल्ल्या ठेवते, नवऱ्याची कसलीही मदत घेणार नाही असे बजावते आणि दार ओढून घेते. माहेराहून आणलेल्या वस्तू तेवढ्या मैत्रीण दुसऱ्या दिवशी येऊन बांधील, अशी व्यवस्था ती करते. मुले दाईच्या स्वाधीन राहतात. त्या मिटलेल्या दाराची प्रशंसा जगभर झाली आणि ती योग्यच आहे.

परंतु त्याच नाटकात आधी काय सांगितले आहे? आजारी नवऱ्याचा जीव वाचावा म्हणून नोराने गुप्तपणे कर्ज काढलेले असते. पुढे कित्येक वर्षे घरखर्चातून पैसे वाचवून, रात्र रात्र नकलून देण्याचे काम करून ती ते फेडत असते. म्हणजे नवऱ्याचे आरोग्य, त्यातून टिकलेली त्याची नोकरी आणि त्या नोकरीवर चालणारे घर, या सर्वांत तिच्या श्रमाचा वाटा आहे. हा सारा जमाखर्च नाटककाराने प्रेक्षकांपुढे ठेवलेला आहे. शेवटी मात्र नोरा केवळ माहेरच्या वस्तू आपल्या समजते आणि तिने ज्या घरात भर घातली ते घर नवऱ्याचे ठरते. ही इब्सेनची चूक आहे असे आम्ही म्हणणार नाही. त्या काळच्या समाजाचे ते बिनचूक चित्र आहे. मात्र पुढील पिढ्यांच्या लेखकांनी या चित्रालाच आदर्श मानले, तेथे गफलत झाली.

दुसरी कलाकृती आमच्या अगदी दाराशी आहे. चंदगड तालुक्यातील ताम्रपर्णीच्या काठचे कोवाड हे ‘स्वामी’कार रणजित देसाई यांचे गाव. चित्रपटमहर्षी भालजी पेंढारकर यांची कन्या माधवी ही पहिल्या पतीच्या निधनानंतर रणजित देसाई यांची पत्नी होऊन या गावी आली. पुढे तो विवाह टिकला नाही. या साऱ्या प्रवासाचे कथन म्हणजे माधवी देसाई यांचे ‘नाच गं घुमा’ हे आत्मचरित्र. ते १९८८ साली प्रसिद्ध झाले आणि बरेच गाजले. रणजित देसाई १९९२ साली वारले. माधवी देसाई यांनी पुढे लेखन चालू ठेवले आणि २०१३ साली बेळगावी त्यांचे निधन झाले.

आत्मचरित्र ही एका बाजूची साक्ष असते. त्या दांपत्यात दोष कोणाचा, हे ठरवणे समीक्षकाचे काम नव्हे आणि धर्मगुरूचे तर नव्हेच. आमचे लक्ष वेधून घेते ते पुस्तकाचे शीर्षक. ज्या लोकगीतातून ते आले आहे, त्यात नाचायला बोलावलेली बाई आपल्याजवळ काय काय नाही त्याची यादी सांगत राहते. नाचावे तर लागतेच, पण नाचण्याचा साज तिचा नसतो. दुसऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घरात राबणाऱ्या स्त्रीची स्थिती याहून नेमक्या शब्दांत सांगता येणार नाही. या पुस्तकाने चर्चा उठली ती थोर लेखकाच्या खाजगी जीवनाविषयी. असे लिहावे की नाही, यावर वाद झडले. ज्या बाईने एखाद्या घराला आपली वर्षे दिली तिचा त्या घरावर कोणता हक्क उरतो, हा प्रश्न मात्र त्या वादात पुढे आला नाही. पुस्तकाला आम्ही उणे लेखत नाही. आमची तक्रार त्याच्या वाचनाविषयी आहे.

आमच्या या डोंगराळ, पावसाच्या मुलखातील कुटुंबांना हा प्रश्न परका नाही. घर बहुधा सासऱ्याच्या नावावर असते. मुलगा गोव्यात, बेळगावात नाही तर मुंबईत कामाला असतो आणि त्याच्या पगारातून गावी भिंती चढतात, छप्पर बदलते. सून घर सांभाळते, सासू-सासऱ्यांचे करते, काजूच्या दिवसांत बागेत राबते. संसार मोडला की तिला सांगितले जाते, ‘मुलांना घे आणि माहेरी जा.’ माहेरच्या घरी तोवर भावजय आलेली असते. दुसऱ्या बाजूने, वीस वर्षांची कमाई ओतून बांधलेले घर सोडून भाड्याच्या खोलीत राहणारा नवराही आम्ही पाहतो. ज्यांच्या म्हातारपणाचा तेच घर आधार आहे, असे आईवडीलही पाहतो. प्रश्न सोपा नाही, आणि म्हणूनच तो साहित्याचा विषय आहे.

तिसरी कलाकृती ख्रिस्ती मराठीचे भूषण होय. लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ आपण विनोदासाठी आणि प्रांजळपणासाठी वाचतो. या लेखाच्या दृष्टीने ती घराचीही कथा आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि पती-पत्नींचा संसार दुभंगला. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. धर्मांतरामुळे जोडीदाराने सोडले तर विवाह रद्द करून घेण्याची वाट १८६६ च्या कायद्याने नवख्रिस्ती व्यक्तीस खुली केली होती. टिळक त्या वाटेने गेले नाहीत. काही वर्षांनी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे आल्या, त्या आपला धर्म आणि आपले सोवळे घेऊन आल्या. एकदम एका ताटात बसण्याची सक्ती त्यांच्यावर झाली नाही. वेगळी चूल, वेगळे पाणी असे दिवस गेले आणि मग १९०० साली त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला.

या कथेतून ‘बायकोने सोसले म्हणून संसार जुळला’ असे तात्पर्य काढले जाते. आम्हास ते मान्य नाही. संसार जुळला, याचे एक कारण असे की, परतणाऱ्या पत्नीला मन बदलण्याची अट न घालता निवारा मिळाला. घर हे शरण येण्याचे बक्षीस ठरले नाही. ते आधी मिळाले, एकमत नंतर झाले. विभक्त दांपत्यांत समेट घडवू पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या दृष्टीने पुन्हा वाचावीत. जिच्या डोक्यावर छप्पर नाही तिचा होकार मोकळ्या मनाचा असू शकत नाही.

साहित्य जेथे थांबले तेथे कायदा तरी पुढे गेला आहे काय? आपल्या समाजाला लागू असलेला १८६९ चा घटस्फोट कायदा मुळातच एकांगी होता. पतीला पत्नीचा व्यभिचार तेवढा सिद्ध करावा लागे, पत्नीला मात्र त्याच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्यागासारखे दुसरे कारणही दाखवावे लागे. व्यभिचारी ठरलेल्या पत्नीची मिळकत पती व मुलांच्या हितासाठी लावून देण्याचा अधिकार त्यात न्यायालयाला होता. पतीच्या मिळकतीविषयी तशी उलट तरतूद नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली या विषमतेवर बोट ठेवले आणि २००१ च्या दुरुस्तीने पती-पत्नींना समान कारणे मिळाली, ते कलमही गेले. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा २००६ साली अमलात आला आणि त्याने स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी ते सामायिक घर ठरू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला.

तरीही हा हक्क निवाऱ्याचा आहे, मालकीचा नव्हे. घाट उतरून गोव्यात गेले की स्थिती पालटते. तेथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानुसार, लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नींची मिळकत सामायिक मानली जाते आणि विवाह मोडल्यास प्रत्येकाचा निम्मा वाटा राहतो. एकाच्या सहीने घर विकता येत नाही. आमच्या अनेक कुटुंबांची मुळे गोव्यात आहेत. तेथील नातलगांकडे जी गोष्ट गृहीत धरली जाते, ती घाटावर आल्यावर लेकी-सुनांना मागूनही मिळत नाही. महाराष्ट्र शासनाने २००३ साली ग्रामीण घरांच्या नोंदीत पतीबरोबर पत्नीचेही नाव लावण्याचे धोरण स्वीकारले. त्याचा लाभ किती घरांनी घेतला आहे, हे प्रत्येक कुटुंबाने आपल्या घराचा उतारा काढून पाहावे.

येथे कोणी म्हणेल, विवाह अविभाज्य मानणाऱ्या धर्मसभेच्या धर्मगुरूने घटस्फोटातील घराची चर्चा का करावी? विवाहसंस्काराचे बंधन माणसाने तोडता येत नाही, ही आपली श्रद्धा अढळ आहे. परंतु त्याच श्रद्धेचा कॅनन कायदा सांगतो की, शरीराला अथवा आत्म्याला गंभीर धोका असेल तर जोडीदाराला विभक्त राहण्यास न्याय्य कारण आहे आणि विभक्त झाल्यावरही मुलांच्या पोषणाची व शिक्षणाची तजवीज व्हायलाच हवी. कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथ असे मानतो की, काही न्याय्य हक्क, मुलांचा सांभाळ किंवा वारसा यांच्या रक्षणाचा दुसरा मार्ग नसेल, तर मुलकी घटस्फोटाचा आश्रय घेणे हे पाप ठरत नाही. वारशाचा उल्लेख तेथे स्पष्ट शब्दांत आहे. म्हणजे घराचा प्रश्न ऐहिक म्हणून झटकून टाकण्याची मुभा धर्मसभेने आपल्याला दिलेली नाही.

पवित्र शास्त्रालाही हा विषय वर्ज्य नाही. आपल्या लोकांच्या स्त्रियांना त्यांच्या आवडत्या घरांतून बाहेर काढणाऱ्यांवर मीखा संदेष्टा कडाडून बोलला. लांबलचक प्रार्थना करणारे आणि विधवांची घरे गिळणारे, यांची सांगड प्रभू येशूने एकाच श्वासात घातली. संदेष्ट्याला आणि प्रभूला घर ही किरकोळ बाब वाटली नाही. मग ‘स्वाभिमान असेल तर घर मागू नको’ हा उपदेश आपण कोणत्या आधारावर करतो? स्वतःचे सोडणे हा त्याग आहे. दुसऱ्याला त्याचे सोडायला लावणे हा त्याग नसून अन्याय आहे. जी गोष्ट पत्नीविषयी खरी, तीच घर बांधून बाहेर पडावे लागलेल्या पतीविषयी आणि म्हाताऱ्या आईवडिलांविषयीही खरी.

आता साहित्याकडे पुन्हा वळू. या विषयात नाट्य नाही, असे म्हणणे टिकत नाही. घर विकून पैसे वाटून घ्यावे, एकाने ठेवून दुसऱ्याला त्याचा वाटा द्यावा, की धाकट्याची दहावी होईपर्यंत आईने मुलांसह तेथेच राहावे? कर्जाचे हप्ते कोणी भरायचे? सासूची खाट कोणत्या खोलीत राहील? वेदीवरील खुरीस आणि लग्नातला फोटो कोण नेईल? या प्रत्येक प्रश्नात माणसाचा लोभ आणि औदार्य, सूड आणि क्षमा उघडी पडतात. भावांच्या वाटणीतून ‘वाडा चिरेबंदी’ उभे राहू शकते, तर पती-पत्नीच्या न्याय्य वाटणीतून तेवढीच समर्थ कादंबरी का उभी राहू नये? अन्यायाचे चित्रण आपल्याकडे विपुल आहे. न्याय करताना माणसाला किती जड जाते, याचे चित्रण मात्र तुरळक आहे.

आमच्या तरुण लेखक-लेखिकांना आमची विनंती आहे की, त्यांनी आपल्या नायिकेला उंबरठ्यावर सोडून लेखणी ठेवू नये. तिच्या मागे घरात परत जावे, उतारा काढून पाहावा, भिंतीला लागलेल्या पैशांची विचारपूस करावी, मुलांची अंथरुणे मोजावी. पुस्तके वाचणाऱ्या आमच्या कुटुंबांनाही हेच सांगणे आहे. विवाहाच्या तयारीत हॉल, जेवण आणि दागिने यांची बोलणी होतात, त्याच बैठकीत घर कोणाच्या नावावर आहे आणि सुनेचे नाव त्यावर केव्हा लागेल, हेही मोकळेपणी बोलले जावे. संसार सुखाचा झाला तर त्या नोंदीने काही बिघडणार नाही. दुर्दैवाने तो मोडला, तर निदान एका भांडणाचे उत्तर प्रेमाच्या दिवसांत लिहून ठेवलेले असेल.