‘कालिदास’: एक बोलपट, तीन भाषा

मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, किनेमा सेंट्रल चित्रगृहात ३१ ऑक्टोबर १९३१ रोजी ‘कालिदास’ प्रदर्शित झाला. पहिला तमिळ बोलपट म्हणून इतिहासात त्याची नोंद झाली आहे. परंतु हे बिरुद अर्धेच खरे आहे. मद्रासमध्ये बोलपटाचा स्टुडिओ निघाला तो १९३४ मध्ये. त्यामुळे अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीने एच. एम. रेड्डी यांच्या दिग्दर्शनाखाली हा बोलपट मुंबईत, ‘आलम आरा’च्याच नेपथ्यावर, काटकसरीने तयार केला. त्यात नायिका टी. पी. राजलक्ष्मी तमिळ बोलत. इतर पात्रांच्या तोंडी तेलुगू आणि हिंदी होती.

या भाषामिश्रणाला दोष म्हणण्याची रीत आहे. तथापि ज्या कवीवर हा बोलपट बेतला, त्याच्याच ‘शाकुंतला’त दुष्यंत संस्कृत बोलतो, शकुंतला शौरसेनी आणि कोळी मागधी. म्हणजे अनेक भाषा हा मुळात दोष नव्हे. तेथे भाषा पात्राच्या स्थानावरून ठरते. येथे ती नटाच्या सोयीवरून ठरली. पहिल्यात संकेत आहे, दुसऱ्यात केवळ निरुपाय. उणीव असलीच तर ती येथे आहे.

मग प्रेक्षकाला ते खटकले कसे नाही? याचे उत्तर संगीतात सापडते. या बोलपटात त्यागराजांच्या कृती होत्या. तमिळ रसिक त्या तेलुगू कृती पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच मानून ऐकत आला होता. कथेशी संबंध नसलेले चरख्याचे गाणेही त्याने असेच स्वीकारले. गाण्याला भाषेची सीमा अडवीत नाही. संवादाला मात्र अडवते.

कोल्हापूरच्या ‘प्रभात’ने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’च्या मराठी व हिंदी अशा स्वतंत्र आवृत्त्या काढल्या आणि हा पेच सोडविला. प्रत्येक आवृत्तीला भाषेची एकसंधता लाभली. परंतु एकाच नगरीत अनेक भाषा नांदतात, हे भारतीय जीवनातील वास्तव त्या एकसंधतेत मावत नाही. ‘कालिदास’मध्ये ते वास्तव आले, पण योजनेवाचून आले.

‘कालिदास’ची प्रत आज उपलब्ध नाही, त्यामुळे त्यातील अभिनयाविषयी निर्णय देणे अनुचित ठरेल. त्याने उभा केलेला प्रश्न मात्र शिल्लक आहे. एका बोलपटाचे अनेक भाषांत ध्वनिरूपांतर करून तो देशभर दाखविण्याची प्रथा आज रूढ आहे. तीत सर्व पात्रे एकच भाषा बोलतात, आणि त्या पात्रांच्या जगाची भाषा कोणती, हे विचारण्याची गरजच कोणास भासत नाही.