आनंदीबाई अमेरिकेस कां गेल्या? : एक साधनपरीक्षण

एखाद्या ऐतिहासिक व्यक्तीनें अमुक गोष्ट कां केली, असा प्रश्न उपस्थित झाला असतां त्या व्यक्तीनें स्वतः दिलेलें उत्तर आधीं तपासावें, आणि तें मिळत नसेल किंवा टिकत नसेल तरच इतर अनुमानांकडे वळावें, हा साधनचिकित्सेचा अगदीं प्राथमिक नियम होय. न्यायाच्या परिभाषेंत बोलावयाचें तर शब्दप्रमाण समोर असतां तें न उघडतांच अनुमानावर निर्वाह करणें हा आळस आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या परदेशगमनाविषयीं आमच्याकडे हा आळस दीर्घकाळ चालत आला आहे. हल्लीं आमचे विद्यार्थी परदेशच्या विद्यापीठांत कां जातात, याची चर्चा घरोघर चालते व तींत आनंदीबाईंचें नांव हटकून येतें. म्हणून या प्रश्नाचें परीक्षण करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मूळ हकीकत वाचकांस ठाऊक आहेच. जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षीं टपालखात्यांतील गोपाळराव जोशी यांच्याशीं विवाह. अल्पवयांत झालेलें अपत्य थोड्याच दिवसांत निवर्तलें. कोल्हापुरास असतां गोपाळरावांनीं १८७८ सालीं वाइल्डर नांवाच्या अमेरिकन मिशनऱ्याशीं पत्रव्यवहार केला. तो अमेरिकेंतील एका मासिकांत छापला गेला, आणि तो वाचून न्यू जर्सींतील रोसेल येथील श्रीमती कार्पेंटर यांनीं आनंदीबाईंशीं पत्रद्वारां स्नेह जोडिला. ७ एप्रिल १८८३ रोजीं आनंदीबाई पतीवांचून कलकत्त्याहून निघाल्या, ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची एम्. डी. झाल्या, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत स्वदेशीं परतून फेब्रुवारी १८८७ मध्यें पुणें येथें क्षयानें निवर्तल्या. त्या वेळीं त्यांस बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं.

त्या कां गेल्या, याचीं तीन उत्तरें प्रचलित आहेत. पहिलें, पतीच्या हट्टामुळें. दुसरें, अपत्याच्या मृत्यूनें झालेल्या आघातामुळें. तिसरें, हिंदुस्थानांत स्त्रियांस वैद्यक शिकण्याची सोयच नव्हती म्हणून. पहिल्या दोहोंचा प्रसार श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या १९६८ सालच्या कादंबरीनें, तिच्यावरील नाटकानें व २०१९ सालच्या चित्रपटानें विशेष झाला. कादंबरीकारावर आमचा रोष नाहीं. त्याचें काम मनुष्य उभें करण्याचें आहे, आणि तें त्यानें उत्तम केलें आहे. दोष आहे तो कादंबरीच्या आधारावर व्याख्यानें देणाऱ्या व चरित्रलेख लिहिणाऱ्या आम्हां लोकांचा. काशीबाई कानिटकरांनीं लिहिलेलें चरित्र पत्रांसह उपलब्ध असतां तें फारसें कोणी उघडत नाहीं, आणि कॅरोलिन डॉल या अमेरिकन लेखिकेनें १८८८ सालीं प्रसिद्ध केलेलें इंग्रजी चरित्र तर त्याहूनही दुर्लक्षित आहे.

वस्तुतः ‘मी अमेरिकेस कां जातें?’ याच प्रश्नाचें उत्तर आनंदीबाईंनीं जाहीर सभेंत दिलेलें आहे. १८८३ च्या फेब्रुवारींत श्रीरामपूर कॉलेजाच्या सभागृहांत त्यांनीं इंग्रजींत भाषण केलें व लोक विचारीत असलेल्या सहा प्रश्नांस क्रमानें उत्तरें दिलीं. अमेरिकेस कां? हिंदुस्थानांत शिकण्याचें साधन नाहीं काय? एकटीच कां? परतल्यावर जात बहिष्कार घालणार नाहीं काय? संकट ओढवल्यास काय? आणि कोणाही स्त्रीनें केलें नाहीं तें आपणच कां करावें? पहिल्या प्रश्नास त्यांचें उत्तर सरळ आहे : वैद्यक शिकावयाचें आहे. या देशांतील स्त्रिया पुरुष वैद्यापुढें जाण्यास धजत नाहींत, आणि परकी स्त्रीवैद्यांस येथील रीतिभाती व भाषा अवगत नाहींत. म्हणून येथल्याच स्त्रीनें ही विद्या संपादन केली पाहिजे.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें आहे. साधन मुळींच नाहीं असें त्या म्हणत नाहींत. मद्रास येथें कॉलेज आहे व इतरत्र सुइणींचे वर्ग आहेत, हें त्या स्वतःच सांगतात. मद्रासच्या वैद्यक महाविद्यालयानें १८७५ पासूनच स्त्रियांस प्रवेश दिला होता. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजाचें द्वारही १८८३ च्याच सुमारास स्त्रियांस उघडलें. अर्थात् तिसरें प्रचलित उत्तर त्यांच्याच शब्दांनीं बाधित होतें. त्यांचा आक्षेप निराळा व अधिक झोंबणारा आहे. येथील शिक्षण अपुरें आहे, आणि शिकविणारे जुन्या मताचे व कांहींसे मत्सरी आहेत, हें एक. शिकूं पाहणाऱ्या ब्राह्मण स्त्रीस रस्त्यानें जातांना टवाळी व कुचेष्टा सोसावी लागते, हें दुसरें. आणि तें त्यांनीं ऐकीव गोष्ट म्हणून नव्हे, तर स्वानुभव म्हणून सांगितलें आहे. विद्यालय होतें, त्याच्या दारापर्यंतचा रस्ता नव्हता.

येथें एक पूर्वपक्ष संभवतो. हें भाषण गोपाळरावांनींच रचून दिलें नसेल कशावरून? इंग्रजी त्यांनींच शिकविलें. परदेशगमनाचा पहिला पत्रव्यवहारही त्यांचाच. शंका रास्त आहे, आणि केवळ त्या भाषणावरून तिचें निरसन होणार नाहीं. परंतु दुसरें एक साधन आहे. अमेरिकेस पोंचल्यावर २८ जून १८८३ रोजीं आनंदीबाईंनीं महाविद्यालयाकडे प्रवेशासाठीं पत्र लिहिलें. त्या वेळीं गोपाळराव हजारों कोसांवर हिंदुस्थानांत होते. त्या पत्रांतही कारण तेंच आहे : स्वदेशांतील स्त्रिया पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षां मरण पत्करतात, त्यांस साह्य करावयाचें आहे. पतीच्या सान्निध्यांत केलेलें विधान व पतीच्या अभावीं केलेलें विधान एकच निघावें, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाहीं. शिवाय याच आनंदीबाईंनीं अमेरिकेंतून पतीस लिहितांना लहानपणीं सोसलेल्या माराचा उल्लेख निर्भीडपणें केला आहे. अशी स्त्री दुसऱ्यानें पढविलेलें वाक्य महासागर ओलांडून घोकीत राहील, हें आम्हांस संभवनीय वाटत नाहीं. आरंभीं धक्का पतीचा होता, हें मान्य. पण दिशा तिची स्वतःची झाली होती.

अपत्यशोकाविषयीं मात्र आम्ही सावधपणें बोलूं. भाषणांतील उत्तरांत त्याचा आधार घेतलेला नाहीं. परंतु अनुल्लेख म्हणजे अभाव नव्हे. परक्या मंडळींनीं भरलेल्या सभेंत कोणती माता आपलें दुःख युक्तिवाद म्हणून मांडील? तें कारण अंतःकरणांत असेल, नव्हे असावेंच. आमचें म्हणणें एवढेंच कीं, तिनें जें सांगितलें तें झांकून, जें सांगितलें नाहीं तेवढेंच आम्ही पुढें केलें. असें करण्यांत आमची एक सोयही होती. शोक किंवा नवऱ्याचा हट्ट हें कारण ठरलें म्हणजे दोष एका घरापुरता राहतो. रस्त्यावरची टवाळी व शिक्षकांचा मत्सर हें कारण ठरलें म्हणजे तो आम्हां सर्वांच्या पदरीं येतो.

हें कारण एका आनंदीबाईंपुरतें नव्हतें. मुलकी नोकरीच्या परीक्षेसाठीं विलायतेस जाणाऱ्यांचा प्रश्न साधा होता. १९२२ पूर्वीं ती परीक्षा लंडनशिवाय होतच नसे. परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ सालीं बडोदें संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले, त्यांच्या बाबतींत केवळ ‘उच्च शिक्षणासाठीं’ एवढें लिहून भागत नाहीं. त्या विद्यापीठांत जो विद्यार्थी इतरांच्या पंक्तीस समानतेनें बसला, त्याच विद्वानास १९१७ सालीं बडोद्यांत नोकरीवर रुजू झाल्यावर राहावयास जागा मिळेना. हे दोन प्रसंग शेजारीं ठेविले म्हणजे परदेशीं जाण्याचें एक कारण परदेशांत नसून स्वदेशांतच असतें, हें उघड होतें.

परदेशीं जाणारा स्वकीय विद्येस विन्मुख होतो, हाही एक आरोप नेहमीं ऐकूं येतो. आनंदीबाईंनीं फिलाडेल्फियास सादर केलेल्या प्रबंधाचा विषय ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ हा होता, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. तो प्रबंध व त्यांचीं पत्रें आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहांत जतन केलेलीं आहेत. संस्कृतज्ञ म्हणविणाऱ्या आम्हां मंडळींपैकीं किती जणांनीं तो प्रबंध वाचला आहे, हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःस विचारिला, आणि उत्तर देतांना खालीं पाहावें लागलें.

आणखीही एक कबुली देणें प्राप्त आहे. शाळेच्या नोकरींत असतां परदेशीं जाणाऱ्या अनेक माजी विद्यार्थ्यांस आम्हीं शिफारसपत्रें लिहून दिलीं. प्रत्येकांत ‘ज्ञानलालसेनें’ हा शब्द घातला. त्यांतील एकासही, बाळा, तूं खरोखर कां जातोस, असें आम्हीं विचारिलें नाहीं. विचारिलें असतें तर कदाचित् आमच्याच वर्गाविषयीं कांहीं ऐकावें लागलें असतें. उद्यांचा संशोधक तीं पत्रें साधन म्हणून हातीं घेईल, तर तीं त्यास फसवितील. आणि त्या लबाडीचे लेखक आम्ही असूं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे. जुन्या घराण्यांतील सनदा, वंशावळी व पोथ्या आपण जिवापाड जपतां, तें योग्यच आहे. परंतु त्याच दप्तरांत शिक्षणासाठीं परदेशीं गेलेल्या मुलामुलींचीं घरीं आलेलीं पत्रें असतात. त्यांत जेवणाच्या तक्रारी, पैशाचे हिशेब व थंडीचीं वर्णनें असतात, म्हणून तीं रद्दींत जातात. तीं जाऊं देऊं नका. शिफारसपत्रांत व गौरवग्रंथांत जें कारण लिहिलेलें असतें, त्याची परीक्षा या घरगुती पत्रांवरच होणार आहे. पत्र सांपडल्यास त्यावरील तारीख, स्थळ व टपालाचा शिक्का यांसह पाकिटही राखून ठेवावें. मजकूर कोणीं, कोणाच्या समोर व कोणास उद्देशून लिहिला, याचा निर्णय पुष्कळदां पाकिटावरूनच होतो.

आनंदीबाईंस प्रश्न विचारणारे लोक त्यांच्या सभेंत समोर बसले होते, आणि त्यांनीं त्या लोकांस तोंडावर उत्तर दिलें. तें उत्तर छापलेलें आहे, उपलब्ध आहे. आम्हीं तें वाचलें नाहीं, एवढाच काय तो त्यांत उणेपणा.