हरिश्चंद्रगड : गड कीं मठ?

हरिश्चंद्रगडाविषयीं मराठींत लिहिलेलें जें जें आमच्या वाचनांत येतें, त्याची वाट बहुधा कोंकणकड्यापाशीं संपते. कर्नल साइक्स यांनीं तेथें धुक्यावर उमटलेलें वर्तुळाकार इंद्रधनुष्य आणि त्यांत स्वतःची छाया पाहिली, ही हकीकत सांगून झाली कीं देवळासाठीं चार ओळी उरतात. आमची तक्रार या चार ओळींविषयीं आहे.

अकोले तालुक्यांतील पाचनईकडून वर चढून गेल्यावर प्रथम जाणवतें तें हें, कीं या गडाचें गडपण फार थोडें आहे. मराठ्यांनीं तो १७४७-४८ च्या सुमारास मोगलांकडून घेतला, हें खरें. बालेकिल्ल्याचे पडके अवशेषही आहेत. परंतु पाहणाऱ्याला थांबवितात त्या वस्तू निराळ्याच : हरिश्चंद्रेश्वराचें उंच शिखराचें मंदिर, त्याच्या आवारांत खडकांत खोदलेल्या गुहा, गार पाण्याचीं टाकीं, पूर्वेची पुष्करिणी. शके १२३४ मध्यें, म्हणजे इ. स. १३१२ च्या सुमारास, चांगदेवांनीं आपला 'तत्त्वसार' येथेंच रचला. (ज्ञानदेवांनीं ज्यांना पासष्ट ओव्या लिहिल्या तेच हे चांगदेव, कीं त्या नांवाचे दुसरे कोणी, या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं.) शिपायांच्या कितीतरी आधीं जेथें जोग्यांनीं राहून ध्यान केलें, ग्रंथ लिहिला, त्या स्थळाला मठ म्हणावयाचें सोडून आपण गड म्हणतों, आणि मग तट-बुरूज दिसत नाहींत म्हणून हिरमुसतों!

फ्रान्सच्या किनाऱ्यावरील मों सें मिशेल या बेटाचें याच्या उलट झालें. तेथें ९६६ सालीं बेनेडिक्टी साधू आले, १०२३ पासून मोठें चर्च उभें राहूं लागलें. पुढें तट चढले, शंभर वर्षांच्या युद्धांत इंग्रजांना तें बेट घेतां आलें नाहीं, राज्यक्रांतीनंतर तेथें तुरुंगही झाला. तरी जग त्याला मठ म्हणूनच ओळखतें. तेथील बांधणाऱ्यांची अडचण शिखर अरुंद असल्याची होती. त्यांनीं उतारावर तळघरें रचून त्यांच्या माथ्यावर चर्च तोललें. हरिश्चंद्रगडाच्या कारागिरानें उलटा मार्ग धरला : त्यानें खडक वजा केला. तेथें समुद्र डोंगराला वेढतो. येथें पाणी डोंगराच्या पोटांत आहे, आणि बेट त्या पाण्यांत.

ही केदारेश्वराची गुहा. मधोमध पांचएक फूट उंचीचें शिवलिंग, भोंवतीं कमरेइतकें थंडगार पाणी, लिंगाच्या चार बाजूंस चार खांब. पैकीं एकच आज शाबूत. चार खांब म्हणजे चार युगें, चौथा पडला कीं जगाचा अंत, ही कथा येणारा-जाणारा सांगतो आणि खांब मोजून परततो. या कथेनें गुहेचें मोठें नुकसान केलें आहे, असें आमचें मत आहे. तीन खांब मोडले, तरी छत जागचें हललें नाहीं! म्हणजे भार वाहणें हें त्यांचें काम नव्हतेंच. अखंड खडकाच्या पोकळींत देवाभोंवतीं मंडप आहे, एवढें दाखविण्यासाठीं ते होते. आणि प्रदक्षिणा घालावयाची तर पाण्यांत उतरूनच. देवाजवळ पोंचण्यापूर्वीं अंगांत कांपरें भरावें, ही गोष्ट आम्हांस मंदिराच्या सगळ्या कोरीव कामाहून अधिक समर्थ वाटते. मंदिराच्या शिखराची बुद्धगयेशीं जी तुलना करतात, ती मात्र फार ताणलेली आहे.

गड म्हणून येणाऱ्यांना येथील गुहा म्हणजे मुक्कामाची फुकट सोय, आणि टाकें म्हणजे भांडीं विसळण्याची जागा. मठ म्हणून कोणी आला, तर निदान चूल मांडण्यापूर्वीं क्षणभर विचार करील.

आम्ही प्रथम गेलों तेव्हां श्रावण होता. पावसाळ्यांत गुहेपुढून ओढा धांवतो आणि वाट बंद होते, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. अलीकडच्या कांठावर उभे राहून पलीकडचा काळोख तेवढा दिसला. पाण्यांतलें लिंग पाहण्यास माघापर्यंत थांबावें लागलें.